दाढदुखी अंगावर काढू नये



गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर आजाऱ्यासाठी पवित्र कम्युनियन घेऊन गेलो होतो. आजारी गृहस्थ चाळिशीतले, शेतात राबणारे, एरवी अंगाने धडधाकट. परंतु खाटेजवळ गेलो तो काय पाहिले? हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी सुजून लाकडासारखा टणक झालेला, अंगात ताप, आणि तोंड बोटभरही उघडत नव्हते. लाळ गिळता येत नसल्यामुळे ती ओठांच्या कडेने ओघळत होती. घरची माउली म्हणाली, "फादर, कालपासून ह्यांना पाण्याचा घोटसुद्धा गिळवत नाही. कम्युनियन कसे घेतील?" पवित्र भाकरीचा लहानात लहान कणही त्या माणसाला घेता आला नाही. डोळ्यांनीच त्यांनी नमस्कार केला.

शेजारच्या तरुणांनी जीप आणली आणि त्याच घटकेस त्यांना शहरातील रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पू वाहता केला. "आणखी उशीर झाला असता, तर सूज वाढून श्वासच कोंडला असता," असे ते म्हणाले. प्रभुकृपेने तो संसार वाचला. पण ह्या सर्व अनर्थाचे मूळ काय होते? खालच्या जबड्यातील एक किडलेली दाढ!

आता ह्यात आमचा दोष कोणता, तेही सांगितले पाहिजे. त्याआधी चार महिने, उपवासकाळात, ह्याच गृहस्थांनी मिस्सानंतर आम्हांला सांगितले होते की दाढ रात्री झोपू देत नाही. आम्ही त्यांना म्हणालो, "प्रभूच्या यातनांचे स्मरण करून सहन करा." पुढे पुनरुत्थानाच्या सणास ते हसत आले. "दुखणे आपोआप थांबले, फादर!" आम्हांलाही आनंद वाटला. वस्तुतः त्या दिवशी दाढ बरी झाली नव्हती. ती आतून मेली होती. म्हणूनच दुखत नव्हती. हे आम्हांला तेव्हा ठाऊक असते, तर आम्ही त्यांना हाताला धरून दंतवैद्याकडे नेले असते. जे उशिरा कळले ते आपणा सर्वांस वेळेवर कळावे, म्हणून हा लेख.

दात म्हणजे काय?

दात हा वरवर दगडासारखा निर्जीव दिसतो. पण तो सजीव अवयव आहे. त्याचे तीन थर ध्यानात घ्यावेत. सर्वांत वर पांढरे, चकचकीत कवच असते. त्याला डॉक्टर एनॅमल म्हणतात. मनुष्याच्या शरीरात ह्याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. हाडसुद्धा त्याच्यापुढे मऊ. परंतु ह्या कवचात रक्त नाही व संवेदनाही नाही. आणि एकदा ते झिजले किंवा फुटले की पुन्हा वाढत नाही. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. पण गेलेले कवच परत येत नाही.

कवचाखाली किंचित पिवळसर असा दुसरा थर असतो, तो डेंटिन. उघड्या डोळ्यांस तो एकसंध दिसतो. परंतु सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर त्यात हजारो अतिसूक्ष्म नळ्या दिसतात. त्या बाहेरून आतपर्यंत गेलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. आणि सर्वांच्या आत, फणसाच्या गऱ्यात आठळी असावी तसा, दाताचा मऊ गाभा असतो. ह्या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. वेदना जाणवते ती येथे.

हिरड्यांच्या आत दडलेल्या मुळांवर मात्र एनॅमलचे कवच नसते. तेथे एक पातळ, मऊसर आवरण असते, आणि ते सहज झिजते. मुळांचे खरे पांघरूण म्हणजे हिरडी. ती खाली सरकली की मूळ उघडे पडते. एवढी रचना समजली म्हणजे दात का दुखतो हे समजण्यास कठीण जात नाही.

'कीड' कोणती?

दात किडला असे आपण म्हणतो. तेव्हा पुष्कळांच्या मनात खरोखरीच एखादी आळी असते. ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. प्राचीन बाबिलोनमधील लोकही दातदुखीचा दोष किड्यालाच देत. आपल्या भागात भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घेतात, आणि मग पाण्यात पडलेले बारीक पांढरे कण दाखवून "पहा, किडे पडले!" असे सांगतात. ते कण किडे नसून भाजून फुटलेल्या बियांतील अंश असतात. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार ह्यांनी १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, दातांत असा किडा आपणांस आढळला नाही, असे स्पष्ट लिहिले. पुढे १८९० च्या सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ विलोबी मिलर ह्यांनी खरे कारण पुढे आणले.

ते असे की आपल्या तोंडात डोळ्यांस न दिसणारे असंख्य जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की त्याचा अंश दातांवर राहतो. जंतू तो खातात आणि आम्ल निर्माण करतात. हे आम्ल कवचातील क्षार विरघळवते. प्रत्येक खाण्यानंतर सुमारे अर्धा तास ते तासभर हा हल्ला चालतो. नंतर लाळ आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार काही अंशी परत भरते. देवाने लाळेला केवढे काम दिले आहे पहा! पण तिला तेवढी उसंत मिळाली पाहिजे. म्हणून दिवसाकाठी किती गोड खाल्ले, ह्यापेक्षा किती वेळा खाल्ले, ह्याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर गुळाचा खडा खाणाऱ्यापेक्षा दिवसभर साखरेच्या चहाचे घोट घेणारा, किंवा खिशात गोळ्या ठेवून एकामागून एक चघळणारा, दातांचे अधिक नुकसान करतो. नाताळातील गोडधोड सणापुरते असते. रोजचा सहा वेळांचा गोड चहा मात्र बारा महिने असतो.

कीड जोवर कवचात असते तोवर मुळीच दुखत नाही. हीच तिची लबाडी. कीड डेंटिनपर्यंत गेली की थंड व गोड लागताच सणक येते. गाभ्यापर्यंत गेली की ठणका सुरू होतो.

दात शिवशिवतात ते का?

कित्येकांच्या दातांत कीड नसते, तरीही गार पाणी, आवळा, लिंबू किंवा वारा लागताच दात शिवशिवतात. ह्याचे कारण बहुधा डेंटिन उघडे पडणे हेच असते. त्याच्या सूक्ष्म नळ्यांतील द्रव थंडीने वा वाऱ्याने हलतो, आणि त्या हालचालीने आतील मज्जातंतू डिवचले जातात. स्वीडनमधील मार्टिन ब्रॅनस्ट्रम ह्यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांमुळे ही गोष्ट शास्त्रज्ञांत मान्य झाली.

डेंटिन उघडे पडण्याची कारणे आपल्या घराघरांत आहेत. पहिले कारण म्हणजे चुकीचे घासणे. कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ, राखुंडी हे सर्व दात चकचकीत करतात खरे. पण भांडे घासताना जसा कल्हईचा थर जातो, तसा दातांचा थर जातो. कडक ब्रशाने आडवे, जोराने घासणारेही हेच करतात. हिरडीजवळ दातावर खाच पडलेली दिसली, तर तिचे कारण पुष्कळदा हेच असते.

दुसरे कारण आंबट. चिंच, कैरी, लिंबू, कोकम आणि बाटलीतील सोडा ह्यांतील आम्ल कवचाला थेट मऊ करते. त्याला जंतूंचीही गरज नसते. जेवणातील सोलकढीने कोणाचे दात गेले नाहीत. पण तासन् तास चिंच वा कैरी चोखत राहणे वाईट. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासणे हे त्याहून वाईट. कारण त्या वेळी कवच मऊ झालेले असते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे. गर्भवती भगिनींना वरचेवर उलट्या होतात, काहींना रात्री आंबट पाणी वर येते. त्यांच्याही दातांचे असेच होते. त्यांनीही चूळ भरून थांबावे, हाच नियम.

तिसरे कारण हिरड्यांचा रोग. दातांच्या मुळाशी साचलेला मळ कालांतराने दगडासारखा कठीण होतो. त्याने हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते, पुढे हिरडी खाली सरकते, हाड झिजते आणि न किडलेला दातसुद्धा हलू लागतो. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे सोडून देणारे पुष्कळ आहेत. वास्तविक रक्त येते ते बहुधा मळामुळे. तेव्हा हलक्या हाताने घासणे चालू ठेवून तो कठीण मळ दंतवैद्याकडून काढून घ्यावा. मळ काढल्याने दात सैल होतात ही समजूत खरी नव्हे. मळाच्या आधाराने उभे असलेले दात आधीच सैल झालेले असतात. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्यांची विशेष काळजी घ्यावी. एक रोग दुसऱ्यास बळ देतो.

चौथे कारण झोपेत दात खाणे. त्याने दातांचे माथे झिजतात, आणि सकाळी जबडा अवघडलेला असतो. पाचवे कारण तडा जाणे. कडक सुपारी फोडणे, हाड चावणे, बाटलीचे बूच दातांनी काढणे ह्यांनी दाढेत केसासारखी चीर पडते. ती आरशात दिसत नाही. मात्र विशिष्ट जागी चावले, आणि विशेषतः चावून सोडले, की जीव कळवळतो.

दुखण्याची भाषा

दुखणे हे देवाने ठेवलेले राखणदार आहे. राखणदार का ओरडतो हे न पाहता त्याचेच तोंड बांधणे शहाणपणाचे नव्हे. त्याची भाषा थोडीशी समजून घेऊ.

थंड किंवा गोड लागताच सणक येते आणि क्षणात जाते. ही पहिली हाक आहे. ह्या वेळी दात बहुधा वाचतो. कीड असेल तर ती कोरून खाच भरली की काम होते.

गरम किंवा थंड लागल्यावर दुखणे मिनिटेच्या मिनिटे राहते, किंवा काही न खाताही रात्री आडवे झाले की ठणका सुरू होतो. ही दुसरी हाक आहे. गाभा सुजलेला आहे, आणि सभोवार कठीण भिंत असल्याने त्या सुजेस जागा नाही. आता केवळ खाच भरून भागत नाही. रोगट गाभा काढून मुळांच्या पोकळ्या स्वच्छ करून भराव्या लागतात. ह्यास रूट कॅनॉल म्हणतात. नाही तर दात काढावा लागतो.

चार दिवस ठणकून दुखणे एकाएकी थांबते. वाचकहो, ही सर्वांत फसवी अवस्था आहे. गाभा मेला, म्हणून दुखणे थांबले. जंतू मात्र मेलेले नाहीत. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात.

पुढे दात उंच झाल्यासारखा वाटतो, चावताना दुखतो, हिरडीवर फोड येतो आणि त्यातून पू झिरपतो. ही मुळाशी गळू झाल्याची खूण होय. फोड फुटून बरे वाटले तरी मूळ कारण तसेच असते.

आणि शेवटची अवस्था आम्ही वर सांगितलेल्या गृहस्थांची. गाल, डोळ्याखालचा भाग किंवा हनुवटीखालचा भाग सुजणे, ताप येणे, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे. ह्यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा पाऊस, उजाडण्याची वाट पाहू नये. सरळ मोठ्या रुग्णालयात जावे. जबड्याखालील ह्या सुजेचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग ह्यांनी १८३६ साली केले, आणि आजही त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. आज तिच्यावर उपचार आहेत. पण ते वेळेवर पोहोचणाऱ्यासाठी आहेत.

अक्कलदाढेचेही थोडे सांगतो. ती साधारणतः १७ ते २५ ह्या वयात येते. तिला जागा पुरली नाही तर ती अर्धवट अडकते, तिच्यावरील हिरडीच्या झाकणाखाली अन्न साचते आणि तेथे सूज येते. अशी दाढ वारंवार त्रास देत असेल तर दंतवैद्यास दाखवून तिचा निकाल लावावा.

दुखणे दाताचे, की दुसऱ्याचे?

काही वेळा दात निर्दोष असूनही दुखतो. सर्दी जुनी होऊन गालाच्या हाडातील पोकळी भरली की वरच्या दाढा एकदम ठणकतात, आणि वाकताना दुखणे वाढते. उलट, खालची दाढ किडलेली असता कान दुखतो, आणि माणूस कानात तेल घालीत बसतो. चेहऱ्याच्या एका बाजूस विजेचा झटका बसावा तशी कळ येऊन क्षणात जात असेल, तर तो मज्जातंतूचा विकार असू शकतो. अशा वेळी एकामागून एक चांगले दात काढून घेणारी माणसे आढळतात.

आणि एक गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींनी कायमची ध्यानात ठेवावी. चढ चढताना किंवा ओझे उचलताना खालचा जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, विशेषतः बरोबर छाती भरून येते, घाम सुटतो, दम लागतो. तर ते दुखणे दाताचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी दंतवैद्याकडे नव्हे, तर तत्काळ रुग्णालयात जावे.

घरचे उपाय: चांगले आणि वाईट

दंतवैद्याकडे पोहोचेपर्यंत काही उपाय करण्यास हरकत नाही. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. दातांत अडकलेले अन्न दोऱ्याने हलकेच काढावे. टाचणी किंवा काडी खुपसू नये. गालावर बाहेरून थंड फडके ठेवावे, शेकू नये. लवंगेचे तेल कापसाच्या लहान बोळ्यावर घेऊन दातास लावले तर थोडा वेळ बधिरपणा येतो; हे खरे आहे. परंतु ते हिरडीवर सांडले तर भाजते, आणि लहान मुलांना तर ते लावूच नये. तेलाने राखणदार झोपतो; चोर घरातच राहतो.

वेदनेवरील साधी गोळी पाकिटावरील प्रमाणातच घ्यावी. ज्यांना पोटाचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा आहे त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून तीव्र गोळ्या घेऊ नयेत. ॲस्पिरिनची गोळी दातापाशी हिरडीवर ठेवण्याची रीत तर सर्वस्वी टाकावी. तिने हिरडी जळून पांढरी पडते. दुकानातून जंतुनाशक गोळ्या मागून आणणे हेही तसेच व्यर्थ. मेलेल्या गाभ्यात रक्त पोहोचत नाही, तेव्हा गोळी तरी कशी पोहोचणार? डॉक्टरांनी दिल्या तर मात्र सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्यात.

आता मिसरीविषयी, ज्यास काही ठिकाणी मशेरी म्हणतात. आमच्या वाड्यांवरील कित्येक माता, आज्या आणि आत्याबाई सकाळी मिसरी लावल्यावाचून चूल पेटवीत नाहीत. विचारले तर सांगतात, "लग्नानंतर दाढ दुखली तेव्हा सासूबाईंनी लावायला दिली, ती आजतागायत." पहा, दाढेसाठी आलेले औषध संसारभर राहिले! मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने क्षणभर बरे वाटते ते तंबाखूच्या नशेने. दात मात्र तिने झिजतात, हिरड्या सरकतात, आणि सर्वांत भयंकर म्हणजे तोंडाच्या कर्करोगास वाट मोकळी होते. गुटखा, तंबाखू आणि सुपारी ह्यांचेही तेच. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, न जाणारा पांढरा किंवा तांबडा चट्टा, किंवा तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे, ह्यांपैकी काही असेल तर दुखत नसले तरी दाखवावे. मिसरी सोडणे सोपे नाही हे आम्ही जाणतो. म्हणून माउलींना आम्ही दटावत नाही. हात जोडून विनवितो. घरातील लेकीसुनांनी त्यांना हसू नये, साथ द्यावी. आणि स्वतः कधी सुरुवात करू नये.

भीती आणि गैरसमज

"वरची दाढ काढली की डोळा जातो," हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. दृष्टीचा तंतू वेगळा आणि दाताचा वेगळा. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. उलट वरच्या दाढेतील पू तसाच राहू दिला, तर तोच डोळ्याभोवती पसरू शकतो.

दुसरी भीती वेदनेची. पूर्वी ती रास्त होती. गावात चिमट्याने दात उपटणारा आला की रोग्यास दोघांनी धरून ठेवावे लागे. १८४४ साली अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स ह्यांनी गुंगी आणणारा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढवून घेतली, आणि वेदनेवाचून उपचाराचा मार्ग दिसू लागला. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन ह्यांनी लिडोकेन हे औषध तयार केले. आज दंतवैद्य हिरडीत जे बधिर करणारे इंजेक्शन देतात त्यात ते सर्रास असते. सुई टोचण्याचे दुःख क्षणाचे. दाढेचे दुःख रात्रीरात्रींचे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपेचा विकार किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील तर ते आधी सांगावे. गर्भवती भगिनीही दातांवर उपचार करून घेऊ शकतात. मधले तीन महिने त्यास सोयीचे असतात, आणि पू झाला असेल तर केव्हाही थांबू नये.

तिसरी अडचण पैशाची. ती खरी आहे, आम्ही ती नाकारीत नाही. परंतु हिशेब तरी करू या. लहान खाच भरण्यास खर्च थोडा. रूट कॅनॉलला त्याच्या कितीतरी पट. आणि रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तर घरातील गाय विकावी लागते. उशीर हीच सर्वांत महाग वस्तू आहे. पुष्कळ सरकारी तालुका रुग्णालयांत दंतवैद्य असतात. बेळगावात दंतमहाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीस सरकारी दंतमहाविद्यालय आहे. अशा ठिकाणी अध्यापकांच्या देखरेखीखाली अल्प खर्चात उपचार होतात.

मुलांचे दात

"दुधाचेच दात, पडायचेच आहेत," असे म्हणून आईबाप मुलाची कीड तशीच ठेवतात. दुधाच्या दातांचे कवच पातळ असते. कीड लवकर आत जाते. मूल जेवत नाही, रडते, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. शिवाय दुधाचा दात अकाली गेला की मागचे दात पुढे सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा अडते. आणखी एक विशेष ध्यानात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सर्व दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता ती येते, म्हणून पुष्कळांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते. गेली की पुन्हा नाही.

रात्री दुधाची वा साखरपाण्याची बाटली तोंडात देऊन मुलास झोपवू नये. पहिला दात येताच फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने घासण्यास आरंभ करावा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मोठ्यांनीही मऊ ब्रशाने सकाळी आणि रात्री, दोन-दोन मिनिटे, हिरडीपासून दाताकडे हलकेच घासावे. फेस थुंकावा, पण लगेच भरपूर पाण्याने तोंड धुऊ नये, म्हणजे फ्लोराइड दातांवर काही वेळ टिकते. दोहोंपैकी रात्रीचे घासणे अधिक मोलाचे; कारण झोपेत लाळ कमी होते. कुटुंबात सायंकाळी रोझरी होतेच. जेवणे आटोपल्यावर, निजण्यापूर्वी सर्वांनी मिळून दात घासावेत. मुले पाहून शिकतात. दात शिवशिवत असतील तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मिळते. तिचा गुण काही आठवड्यांनी येतो. तरीही कमी न झाल्यास तपासून घ्यावे.

प्रार्थना आणि वैद्य

आता कोणी विचारील, "फादर, मग दुःख प्रभूला अर्पण करावे हे खोटे काय?" खोटे नव्हे. जे दुःख टाळता येत नाही ते प्रेमाने अर्पण करावे. ते वाया जात नाही. परंतु जे दुःख उपायाने दूर होते ते निष्काळजीपणाने वाढविणे हे अर्पण नव्हे. संत पौल करिंथकरांस सांगतात की आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. मंदिराचे छप्पर गळू लागले तर आपण गुडघे टेकून केवळ प्रार्थना करीत बसत नाही. शिडी लावतो आणि कौले बसवतो.

आपल्या बायबलमधील सिराख ग्रंथाचा ३८वा अध्याय घरी काढून वाचावा. वैद्यास मान द्या, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले. औषधे त्यानेच भूमीतून उपजविली. आजारात प्रार्थना करा आणि मग वैद्यास जागा द्या, असा त्याचा आशय आहे. आधी प्रार्थना आणि मग वैद्य. एकाच्या बदली दुसरे नव्हे.

दातदुखीने पीडित जनांची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभा संत अपोलोनिया हिचे स्मरण करते. इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रिया नगरात ख्रिस्ती लोकांवर जमाव तुटून पडला. त्या वेळी ह्या वृद्ध कुमारिकेच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडण्यात आले. तरी तिने प्रभूला नाकारले नाही, आणि शेवटी अग्नीत प्राण दिला. तेथील बिशप संत डायोनिसियस ह्यांच्या पत्रात ही हकिकत आली आहे. तिचा स्मृतिदिन ९ फेब्रुवारी. चित्रांत तिच्या हाती चिमटा आणि त्यात एक दात असतो. तिचे दात श्रद्धेसाठी गेले. आमचे आळसाने, भीतीने आणि मिसरीने जावेत काय?

त्या वाडीवरील गृहस्थ आता पूर्ण बरे आहेत. रुग्णालयातून आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते वेदीसमोर आले. गळ्याखाली अजून पट्टी होती. पण त्यांनी तोंड उघडले आणि ख्रिस्तशरीर ग्रहण केले. आमचे हात त्या क्षणी किंचित कापले, हे सांगण्यास संकोच कसला? त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला आहे. मिस्सानंतर कोणी "फादर, दाढ दुखते" असे म्हणाला, की आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो, आणि लगेच विचारतो, "दंतवैद्याकडे कधी जाता?"

आपल्या घरीही वडिलांनी मुलांना, सुनेने सासूबाईंना आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला हा प्रश्न विचारावा. प्रभू आपणा सर्वांस आरोग्य देवो, आणि ते राखण्याची सुबुद्धीही देवो.